लाल तोंडाचं गेज

"घाला," आप्पा म्हणाले.

मी गेज हबात घातलं. हिरवी बाजू अलगद आत उतरली. मग गेज उलटं करून लाल बाजू लावली. ती तोंडाशीच अडली.

"पास आहे," मी म्हणाले.

"दुसरा घ्या."

दुसरा घेतला, तिसरा घेतला. टेम्पोतून परत आलेले हब आप्पा एकेक करून माझ्यापुढे ठेवत होते आणि प्रत्येकाचं तेच होत होतं. हिरवी जाते, लाल अडते. शेवटी आप्पांनी कपाळाला हात लावला.

"अहो बिरंजेबाई, मग पुण्याचे लोक काय झोपेत मोजतात? सगळा लॉट परत पाठवलाय. भोक मोठं झालंय म्हणतात, प्रत्येकाचं!"

यावर मी काय बोलणार? माझं वय बावीस, डिप्लोमाचा कागद अजून कोरा करकरीत, आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या त्या कारखान्यात मी एकटी बाई. झाडणाऱ्या शेवंताबाई सोडल्या तर. गड्यांनी पहिल्या दिवसापासून मला 'बिरंजेबाई' करून टाकलं होतं, जणू माझी दोन मुलं शाळेत जात होती.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना सांगते. हब म्हणजे चाकाच्या मधोमध असतो तो लोखंडी गड्डा. त्याच्या भोकात बेअरिंग घट्ट ठोकून बसवतात. भोक लहान झालं तर बेअरिंग बसत नाही, त्यात फारसं बिघडत नाही. मोठं झालं तर मात्र बेअरिंग आतल्या आत फिरायला लागतं, तापतं आणि एक दिवस चाक कुणाचा निरोप न घेता निघून जातं. हे तपासायला आमच्याकडे वीतभर लांबीचा एक पोलादी दांडा होता. त्याला मधे मूठ आणि दोन तोंडं. हिरवा पट्टा असलेलं तोंड भोकात गेलंच पाहिजे आणि लाल पट्ट्याचं जाता कामा नये. "शेंबडं पोरगं बी करंल ह्ये काम," असं आमचा टर्नर बापू म्हणायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा.

"उद्या बघू," म्हणून आप्पा उठले. आप्पा इंगवले आमचे मालक. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. बाकीच्या कारखान्यांनी "मुलगी नको" म्हणून मला दारातून परत पाठवलं होतं, आप्पांनी ठेवलं होतं.

खरं म्हणजे ठेवलं होतं शिरपामामांनी. श्रीपती लोहार, आमचे फोरमन, आप्पांच्या वडिलांच्या वेळचे. आप्पा का-कू करत होते तेव्हा मामा म्हणाले होते, "पोरगी हाय का पोरगा हाय, गेजाला काय कळतंय व्हय?" आणि मग त्यांनीच मला शिकवलं होतं. "आदी पूस, मग घाल. डोळ्यानं बघ, मनानं न्हाई. मन म्हनतंय पास कर, घरला जाऊ. त्येचं ऐकायचं न्हाई." मी त्यांचं इतकं ऐकायची की गेज न पुसता कधी हबाला लावलं नाही.

सगळे पांगल्यावर मामा माझ्या टेबलाशी आले. "आण हिकडं."

मी गेज दिलं. त्यांनी लाल तोंडावरून अंगठा फिरवला. खिडकीपाशी गेले, पार डोळ्याला टेकेल इतकं जवळ नेऊन बघत राहिले. 

"काय झालं मामा?"

"काय न्हाई. घरला जा तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आल्या आल्या परत आलेला एक हब उचलला, गेज पुसलं आणि घातलं. हिरवी बाजू गेली. लाल बाजू लावली. तीही गेली.

मी गेज बाहेर काढून परत पुसलं आणि परत लावलं. परत गेली. लोण्यात सुरी जावी तशी. दुसऱ्या हबात गेली, तिसऱ्यात गेली. काल आप्पांच्या डोळ्यांदेखत जे हब पास झाले होते ते आज सगळे नापास. 

"रात्रीत हब वाढले का गेज बारीक झालं?" बापू म्हणाला. हसता हसता त्याचाही चेहरा उतरला, कारण हब त्याच्याच लेथवरून निघाले होते. "बाई, ह्ये सादं न्हाई. कुनीतरी करनी केलीया. त्या पलीकडच्या शेडवाल्याचा डोळा हाय आपल्यावर." दुपारपर्यंत त्यानं लेथला लिंबू-मिरची बांधलीसुद्धा.

मी शिकलेली, तेव्हा लिंबावर माझा विश्वास नव्हता. मी त्याहून मोठा मूर्खपणा केला. थंडीत पोलाद आकसतं असं पुस्तकात वाचलं होतं, म्हणून गेज मुठीत धरून गरम केलं आणि लावून बघितलं. मग माठाच्या पाण्यात बुडवून गार केलं आणि लावून बघितलं. ऑक्टोबरचा उकाडा होता, घामानं अंग निथळत होतं आणि मी पोलादाला थंडी वाजतेय का हे बघत होते. लाल बाजू दोन्ही वेळा सुखानं आत गेली. तिचा लालपणा तेवढा जरा फिका दिसला. पण मला तेव्हा सगळंच फिकं दिसत होतं.

आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे काल तुम्ही नीट घातलं नव्हतं."

"आप्पा, तुम्ही समोर होता की! तुम्ही स्वतः बघितलंत."

"मला काय कळतं त्यातलं?"

आता यांना काय म्हणावं? जो माणूस लेथच्या नुसत्या आवाजावरून पातं बोथट झाल्याचं सांगतो त्याला गेज कळत नाही? मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते खिडकीबाहेर बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं, एक गंजलेला ड्रम सोडून.

डबा खायला आम्ही मागच्या शेडला बसायचो. मामा माझ्याशेजारी बसले, भाकरीवर मिरचीचा खरडा घेतला आणि हळूच म्हणाले, "पोरी, शुक्रवारी पुण्यास्नं खाडिलकरसाहेब येनार हायत चौकशीला. त्यांच्याम्होरं म्हन, त्या दिसांत माझी तब्येत बरी नव्हती. न बघताच लॉट पास केला."

माझा घास हातातच राहिला. "मी बघितलेत. एकूण एक."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"म्हन म्हनतोय न्हवं."

"आणि असं म्हटल्यावर आप्पा मला ठेवतील?"

"न्हाई ठेवनार," मामा म्हणाले.

त्यांनी हे इतक्या सरळपणे सांगितलं की मला रागावायचंही सुचलं नाही. औद्योगिक वसाहत म्हणजे पत्र्याची घरं असलेलं एक गावच. 'न बघता पास करते' असं एकदा नाव झालं की शिरोलीतच काय, गोकुळ शिरगावच्या वसाहतीपर्यंत मला कुणी दारात उभं केलं नसतं. आधीच मी बाई. हे मामांना कळत नव्हतं असं नाही. ज्यांनी मला मनाचं ऐकू नको म्हणून शिकवलं तेच मला खोटं बोल म्हणत होते, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरड्याचं असेल असं मी स्वतःला सांगितलं.

त्या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कधी वाटे, मी खरंच वेंधळी आहे, हिरव्याच्या जागी लाल बघितलं असेल. कधी वाटे, बापूनं हब बदलले. रात्री आईनं "भात वाढू का?" विचारलं तर मी "पास" म्हणाले.

त्यात आणखी एक भर पडली. संध्याकाळी निघताना गेज पेटीत ठेवायला गेले तर टेबलावर गेज नव्हतं. सकाळी आले तर पेटीत होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेजाच्या मुठीला काळं वंगण लागलेलं दिसलं. असलं घट्ट वंगण आमच्या कारखान्यात आम्ही वापरतच नव्हतो. गेज रोज बाहेर जात होतं आणि ते नेणारा एकच माणूस असू शकत होता, कारण पेटीची दुसरी किल्ली मामांकडे होती.

मला वाटलं, सापडलं. मामा गेज घासतात. लाल तोंड कुठेतरी नेऊन थोडं थोडं घासून बारीक करतात. का? मला काढायला? आणि काढायचंच होतं तर ठेवून घेतलं कशाला? या 'का'ला उत्तर नव्हतं, पण संशयाला उत्तर लागत नाही.

गुरुवारी सुट्टी झाल्यावर मी लूना चालू केली आणि मामांच्या सायकलच्या मागे निघाले. मामांचं घर डावीकडे. ते उजवीकडे वळले. शिये फाट्याच्या पुढे रस्त्याकडेला ट्रॉल्या बनवणाऱ्यांची शेडं होती. उसाचा हंगाम तोंडावर आला की तिथे दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या. एका शेडासमोर मामांनी सायकल लावली. मी लांबूनच बघितलं. अर्ध्या रंगवलेल्या ट्रॉलीचं चाक काढलेलं होतं आणि मामा धुळीत गुडघे टेकून बसले होते. शेजारी शेडाचे मालक बाबालाल मुल्ला हातात दिवा धरून उभे होते.

मी सरळ पुढे गेले. "मामा, आमचं गेज चोरून तुम्ही इथे काय करताय?"

मामा दचकले नाहीत. "बाबालाल, दिवा जरा खाली घे," म्हणाले, आणि त्यांनी हबाला गेज लावलं. लाल तोंड आत गेलं.

"ह्यो बी," मामा म्हणाले. बाबालालनी तो हब उचलून बाजूच्या ढिगावर टाकला. ढीग चांगला मोठा होता. आमच्या हबावर ओतकामातच एक चांदणी उठवलेली असायची. त्या ढिगातल्या प्रत्येकावर चांदणी होती.

"बस," मामा म्हणाले. मी बसले नाही.

"खंडेनवमीला हत्यारांस्नी शेंदूर कोन लावतंय?"

"तुम्ही."

"कुठं लावतो?"

"मुठीला. दरवर्षी."

"औंदा," मामांनी आपल्या उजव्या डोळ्याकडे बोट केलं. बुबुळावर राखेसारखं काहीतरी आलेलं होतं. "औंदा ह्येला काय दिसंना झालंय. ताटात समदी हत्यारं मांडल्याली. झेंडूची फुलं, ऊस, त्या गर्दीत लाल दिसलं, म्हटलं मागल्या सालच्या शेंदराची मूठ असंल. अंगठा बुडवला आनि लावला. मुठीला न्हाई, लाल तोंडाला. जवसाच्या तेलात कालवल्याला शेंदूर. सुकला की चिंधीनं काय निघतोय?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. दसऱ्यानंतर काम सुरू झालं त्या सकाळी गेजाचा लाल पट्टा नवा नवा दिसला होता आणि मी म्हणाले होते, "वा मामा, यंदा रंग दिलात वाटतं!" लेथच्या आवाजात त्यांना ते ऐकूच गेलं नसावं. पोलादावर शेंदराचा थर चढला होता, केसाहून बारीक, पण तेवढ्यानं लाल तोंड जाड झालं होतं आणि मोठ्या भोकालाही अडत होतं. सुट्टीनंतर बापूच्या लेथची बैठक थोडी हलली होती आणि भोकं मोठी पडत होती. असं अधूनमधून व्हायचंच. एरवी लाल तोंडानं पहिल्याच हबाला चूक पकडली असती. आणि मामांनी त्या संध्याकाळी गेज नेऊन शेंदूर काढल्यावर ते पुन्हा खरं बोलायला लागलं.

मला हसूच आलं. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं. "एवढंच होय! मामा, मग सांगा की आप्पांना. देवाचं करताना चूक झाली, कोण रागावणार आहे?"

"सांगितलं. त्याच रातीला."

"मग?"

मामा उठले. गुडघे झाडले. "गेज चुकलं म्हटलं, की दसऱ्यापास्नं गेल्याला परतेक हब चुकला. पुन्याचा येक लॉट न्हाई, समदं. ह्या ट्रॉलीवाल्यांचं बी. पुन्याच्या लोकांनी मोजलं म्हनून सापडलं, हितं कोन मोजतंय? समद्यांकडनं परत मागवायचं म्हटलं तर कारखान्याला टाळं लागंल, असं आप्पा म्हनतोय. आनि तू बघितलं न्हाईस म्हटलं, की येक लॉट, येक पोरगी. मिटलं."

बाबालाल दिव्याची वात उगाच खालीवर करत होते.

"आणि हे?" मी ढिगाकडे बोट केलं.

"ह्ये माझं मी करतोय. आप्पाला म्हाईत न्हाई. रोज संध्याकाळचं दोन-तीन शेडं फिरतोय. वाईट निघाल्यालं भंगारात, त्येंच्या बदली चांगलं आनून देतोय."

"म्हणजे हे तुम्हाला करता येतं, आणि मला वाचवता येत नाही?"

"आप्पाच्या बापानं मला लेथवर उभा केला, पोरी. त्येचं मीठ हाय अंगात. तुला दुसरी नोकरी मिळंल, वय हाय तुझं." मग थांबून म्हणाले, "मला बी काय कळंना झालंय बघ. जेवढं हातानं हुतंय तेवढं करतोय."

मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी त्यांच्या अंगावर ते गेज फेकून मारावंसं वाटलं. दोन्ही एकदम वाटलं, खोटं कशाला सांगू.

"अजून किती राहिलेत?" मी विचारलं.

उत्तर बाबालालनी दिलं. "माझी एक ट्रॉली राहिली. दसऱ्यानंतर पहिली गेली ती. घाटाखालच्या कुठल्या मुकादमानं नेली, नाव ना गाव. आता उद्यापासनं साखर कारखाना चालू. लागंल कुठंतरी ऊस ओढायला."

"मग जाहीर करायला हवं! कारखान्याच्या यार्डात सांगायला हवं की चांदणीचे हब असलेली ट्रॉली थांबवा. आप्पांच्या एका फोननं काम होईल."

"आप्पा करनार न्हाई," मामा म्हणाले.

मी घरी आले. झोप लागली नाही, पण सकाळपर्यंत माझं ठरलं होतं. खाडिलकरांसमोर खरं सांगायचं. मामा होय म्हणतील. एकांतात माणूस मीठ-बीठ बोलतो, पण चारचौघांत, परक्यासमोर, विचारल्यावर, शिरपामामा खोटं बोलणार नाहीत. कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांपेक्षा माझा त्या माणसावर जास्त भरवसा होता.

खाडिलकरसाहेब वेळेवर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आप्पांनी चहा मागवला. "साहेब, आमच्या तपासनीस बाईंनाच विचारा. सांगा हो बाई, काय झालं ते."

मी सगळं सांगितलं. शेंदूर, लाल तोंड, ट्रॉल्या, ढीग, ती एक गेलेली ट्रॉली.  आप्पांचा चहा बशीत सांडला.

खाडिलकरांनी गेज मागवलं, उलटंसुलटं करून बघितलं. गेज लख्ख होतं. "इथे तर काहीच नाही. शेंदूर वगैरे... कुणी पाहिलं का हे?"

आप्पांनी मामांना बोलावलं. मामा टोपी काढून दारात उभे राहिले.

"मामा," आप्पा म्हणाले, "बाई म्हणतात, तुम्ही गेजाच्या तोंडाला शेंदूर लावलात. खरं का?"



"न्हाई," मामा म्हणाले. "मी मुठीलाच लावतो."

"मामा, माझ्याकडे बघून सांगा," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. राख पडलेला डोळा आणि चांगला डोळा, दोन्ही माझ्यावर होते.

"तू बघितलं न्हाईस, पोरी. घाबरलीयास, म्हनून असं बोलतीयास."

खाडिलकर आप्पांना म्हणाले, "अशी माणसं ठेवता कशाला?" मी बाहेर पडले तेव्हा आप्पा मागून म्हणाले, "चहा तरी घेऊन जा हो." त्यांना खरंच वाईट वाटत असावं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

लूनावर बसले. घरी जाऊन आईला काय सांगायचं हे सुचत नव्हतं. रडू येईल असं वाटत होतं, येत नव्हतं. नाक्यावर उसानं भरलेला एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत समोरून गेला. वर मोळ्यांवर एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं, शेजारी ऊस चोखणारी पोरगी. माझी मान आपोआप खाली, चाकांकडे वळली. चांदणी नव्हती. पण मग मला घरी जाता येईना. मी लूना साखर कारखान्याकडे वळवली.

हंगामाचा पहिला दिवस. यार्डाबाहेर ट्रॅक्टरांची रांग पार ओढ्यापर्यंत गेली होती. प्रत्येकाला हार, इंजिनाला नारळ फोडलेला, चाकांना हळद-कुंकू. कुंकवानं सगळे हब लाल झाले होते. यात चांदणी कशी शोधायची? मी पहिल्या ट्रॉलीपाशी वाकले, बोटानं कुंकू पुसून बघितलं. दुसरी बघितली. लोक हसायला लागले.

रांगेच्या मध्यावर आले आणि थबकले. एका ट्रॉलीला मामांची सायकल टेकवलेली होती. मामा पलीकडच्या चाकापाशी वाकून हबाला तळहात लावत होते, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. खाडिलकर निघाल्या निघाल्या ते तिथून सुटले असणार आणि मी पुढच्या ट्रॉल्या बघत होते तेवढ्यात इथे पोचले असणार.

त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. विचारायला तोंड उघडलं तर म्हणाले, "मी हिकडची बघतो. तू तिकडची बघ. ताप लागला की सांग."

 त्यांच्या बाजूनं ते आणि माझ्या बाजूनं मी, एकेका हबाला हात लावत आम्ही मागे मागे सरकत गेलो. गार, गार, कोमट, गार. मधे एकदा "पोरी, जेवलीस का?" असा आवाज पलीकडून आला. मी उत्तर दिलं नाही.

ओढ्याजवळ एका ट्रॉलीच्या मागच्या हबाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. वंगण वितळून काळा ओघळ खाली आला होता. कुंकू पुसलं. खाली चांदणी होती.

"मामा!"

ते धावत आले. हात लावला. मग ड्रायव्हरला म्हणाले, "चाक काढ."

ड्रायव्हर पोरगेला होता, कानात बाळी. "तू कोन रं म्हाताऱ्या? रांग सरकालीया, माझा नंबर जाईल. कालपास्नं चालतीया ट्रॉली, काय झालं न्हाई."

"हुईल. काढ चाक."

"अरं पर तू कोन?"

"मी कोन न्हाई," मामा म्हणाले. त्यांनी टोपी नीट केली आणि माझ्याकडे हात केला. "ह्या बाई तपासनीस हायत. शिरोलीच्या. आजपतुर ह्येंच्या हातनं येक हब न बघता गेल्याला न्हाई, ह्ये मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्या म्हनत्यात काढ, तर काढायचं."

दुपार व्हायच्या आत त्याच तोंडानं, त्याच आवाजात. मी मामांकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते, ड्रायव्हरकडे बघत होते. ड्रायव्हर माझ्याकडे. मोळ्यांवर बसलेली बाई खाली वाकून विचारत होती, "काय झालं वं?"

"काढा चाक," मी म्हणाले.

जॅक लावला. चाक निघालं तसं बेअरिंग हबातून आपोआप निसटलं आणि चिखलात पडलं. ड्रायव्हर त्याच्याकडे आणि मग वर मोळ्यांकडे बघत उभा राहिला. मामांनी आतल्या खिशातून चिंधीत गुंडाळलेलं गेज काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"आदी पूस," म्हणाले.

मी पुसलं. लाल तोंड लावलं. गेलं.

"रिजेक्ट," मी म्हणाले.

"बरोबर हाय," मामा म्हणाले.

शिरोलीत मला परत नोकरी मिळाली नाही. पुढे सांगलीला मिळाली, आणि आता माझी स्वतःची छोटी तपासणी-शाळा आहे. खंडेनवमीला मुलं विचारतात, "मॅडम, गेज पूजेला ठेवायचं ना?" मी ठेवते. तेलात कालवलेल्या शेंदरात अंगठा बुडवते, मूठ नीट बघून घेते आणि दरवर्षी तिथेच अडते. मामांचं नाव घेऊन हात जोडावे की त्यांना चार शिव्या घालाव्यात, ते ठरत नाही. मुलं ताट धरून वाट बघत असतात आणि अंगठ्यावरचा शेंदूर सुकून जातो.